पुढच्या थांब्यापर्यंत

पस्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेल्या माणसाला अर्धा तास लघवी धरता येऊ नये, म्हणजे काय नामुष्की! आपण सहा-सहा तास स्टेअरिंगवरून उठत नाही, असं ड्रायव्हरकाका जन्मभर मिरवत आले होते. प्रोस्टेटच्या कॅन्सरनं ती सगळी मिजास उतरवली.

गाठ आक्रमक होती. रेडिएशनच्या पाचच फेऱ्या, पण प्रत्येकीत मोठा डोस, आणि गाठीवर नेम धरून आणखी जास्त, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणजे आतडं किरणांच्या वाटेतून बाजूला राहतं. नाहीतर भलतीच जागा भाजायची आणि कायमचं दुखणं मागे लागायचं.

मागच्या फेरीला जेमतेम निभावलं होतं. आज तिसरी फेरी. काकांनी बायकोसमोर पाण्याची बाटली संपवली खरी, पण नंबर यायच्या दहा मिनिटं आधी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून गेले आणि गुपचूप मोकळे होऊन आले. मशीनवरची बाई त्यांच्या लेकीच्या वयाची. तिच्यासमोर काही झालं असतं तर?

"पिशवी भरलीय ना, काका?" तिनं विचारलं.

"टम्म," काकांनी ठोकून दिलं.

मशीन असल्या थापा ऐकतंय होय! ते डोसाआधी आतला फोटो काढतं. दोन मिनिटांत बाई परत आली.

"पिशवी रिकामी आहे, काका. असाच डोस दिला असता तर आतडं भाजलं असतं."

काका मशीनच्या टेबलावरून उतरले. तसेच बाहेर आले आणि बायकोसमोर मान खाली घालून बसले.

"भीती वाटते गं. तिथंच सुटली तर?"

"सुटली तर पुसतील," ती म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" आणि तिनं दुसरी बाटली पुढे केली.

पाऊण तासानं काका पुन्हा टेबलावर आडवे झाले. मशीन घरघरत भोवती फिरू लागलं. ओटीपोटात कळा येत होत्या, पण हलायची सोय नव्हती. अशात त्यांना एक म्हातारा प्रवासी आठवला. गाडी थांबवा म्हणून तीनदा केबिनपाशी आला होता. "पुढच्या थांब्यापर्यंत धरा दम," म्हणत काका हसले होते. शेवटी त्याची सीट ओली झाली, तेव्हा भरल्या बसमध्ये त्याला नाही नाही ते बोलले होते.

मशीन थांबलं. आणि मग काकांना धरवलं नाही.

बाईनं अंगावर चादर टाकली. "केसभरही हलला नाहीत, काका. डोस बरोबर बसला."

बायकोनं हातातल्या कापडी पिशवीतून इस्त्रीची पँट काढून दिली. पहिल्या दिवसापासून ती घेऊन येत होती, बोलली मात्र नव्हती. पँट बदलून काका तिच्याशेजारी बसले. त्यांनी तिला म्हाताऱ्याची सगळी हकिकत सांगितली.

"त्याच्याकडे दुसरी पँट नव्हती गं," ते म्हणाले.