टाकीबुवाचं लाल तीर्थ

गडमुडशिंगीच्या देवळापुढं दुचाक्या, रिक्षा आणि जुन्या व्हॅनची रांग लागली होती. टाकीबुवाने पेट्रोलची काचेची बरणी वर धरली, ओठ पुटपुटले आणि बुचभर लाल तीर्थ आत ओतलं. बरणी हलवून पाटावर ठेवली. बघता बघता तळाशी जाड लाल थर साचला.

"वतलं बुचभर, आन् निघालं किती बघा. ही इथेनॉलची पीडा. आदी ॲव्हरेज खाती, मग इंजिन खाती, मग मालकाला खाती. तीर्थ वता, पीडा तळाला बसंल."

लोकांनी हात जोडले.

कृष्णातने व्हॅनच्या टाकीचं झाकण उघडलं होतं. व्हॅनमध्ये त्याची आई बायडाबाई बसली होती. तिला डायलिसिसला कोल्हापुरात न्यायचं होतं. मागच्या खेपेला गाडीने वाटेत धक्के दिले, म्हणून त्याने तीर्थाची बाटली घेतली होती.

"कृष्णातदादा, वतू नका." गावातलीच राजनंदिनी गर्दीतून पुढे आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. "आणि पाटावरच्या उदबत्त्या आधी विझवा. पेट्रोल उघडं हाय."

"देवाच्या कामात आडवं येऊ नका, बाई," बुवा गुरगुरला. दोघंतिघं तिच्या अंगावर धावून आले.

"मला एकदाच करून बघू द्या. खोटी ठरले तर जाते."

तिने आधी उदबत्त्या विझवल्या. तिने नळाच्या पाण्यात चिमूटभर कुंकू कालवलं, दुसऱ्या बरणीत बुवाच्याच कॅनमधलं पेट्रोल घेतलं आणि बुचभर पाणी ओतून हलवलं. तळाशी तसाच लाल थर बसला.

"नळाला बी देव आला व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पेट्रोलात उसापासून केलेलं इथेनॉल मिसळलेलंच असतं," राजनंदिनी म्हणाली. "पाणी पडलं की ते पेट्रोल सोडून पाण्यात जातं, आणि जड पाणी त्याला घेऊन तळाला बसतं. पंप तळातूनच ओढतो. म्हणजे इंजिनात हे पाणी जाणार. मावशींना घेऊन तुम्ही रस्त्यात अडकणार."

"माझं पाणी मंतरलेलं हाय," बुवा म्हणाला.

बायडाबाईने खिडकीतून मान बाहेर काढली. "मग पयलं तुमच्या गाडीत वता की."

कृष्णात बाटली घेऊन बुवाच्या गाडीकडे चालू लागला. बुवा धावत जाऊन टाकीच्या झाकणाला पाठ लावून उभा राहिला. कृष्णातने बाटली खाली ठेवली.

"मग इथेनॉल चांगलं म्हणायचं का?" कृष्णातने विचारलं.

"दोन्ही बाजू हायत. आपल्या उसाला गिऱ्हाईक मिळतं, बाहेरून तेल कमी आणावं लागतं. पण ॲव्हरेज थोडं घटतं, जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब होऊ शकतात, पाणी शिरलं तर गाडी बंद पडते. पाइप तपासून घ्या, टाकी कोरडी ठेवा. तक्रार असेल तर सरकारला, कंपनीला जाब विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग साध्या पाण्याने करून बघा. मगच काय ते ठरवा."

कृष्णातने झाकण घट्ट लावलं आणि आईला घेऊन निघाला.