हिरव्या गालांची भागीरथा

पोंभुर्ण्याकडच्या गावांत नाटकाचे पडदे रंगवावेत ते गुणवंतरावांनीच. त्यांचा जंगलाचा पडदा लागला की पुढं बसलेली पोरं मागं सरकत. पण छप्पनच्या उन्हाळ्यात त्यांची एकुलती एक लेक भागीरथा जंगलात मोहफुलं वेचायला गेली ती परतलीच नाही. सापडली फक्त टोपली, फुलांनी काठोकाठ भरलेली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. आणि बापाला तिचा चेहरा आठवेना! याहून मोठी शिक्षा देवालाही सुचली नसती.

पावसाळा सरल्यावर पडद्याच्या उरलेल्या कापडावर त्यांनी तिला रंगवायला घेतलं. गव्हाळ रंग लावला, सावळा लावला. दर वेळी कुणी परकीच पोर बघायची. शेवटी चिडून त्यांनी जंगलाच्या पडद्याचे रंग ओतले. गालांवर हिरवा, कपाळावर निळा, हनुवटीखाली जांभळा. आणि ती दिसली! तीच, रुसून ओठ मुडपलेली. गुणवंतराव ओक्साबोक्शी रडले.

त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, चित्र पाहून तोंडाला पदर लावला.

"अवो, जंगलानं पोरगी नेली, अन् तुमी तिले जंगलाचाच रंग देऊन राह्यले? पुसा ते."

"पुसलं तर तिचं तोंड जाते, इंदू. मले पुन्हा नाई दिसणार."

डोळे तेवढे राहिले होते. डोळे शेवटी उघडायचे ही त्यांची रीत. भर दुपारी त्यांनी दुसऱ्या डोळ्यात बाहुली भरली, तसे बाहेरचे कावळे गप्प झाले. मोहफुलांचा वास घरात शिरला. कार्तिकात मोहाला फूल कुठलं?

"माय, दार उघड वं."

आवाज तिचाच. गुणवंतरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. बोळा भिजवून ते चित्राकडे धावले. एकदा हात फिरवला की हिरवा गाल जाईल, आणि दारातली लेकही. हात काही उठेना.

"इंदू, थांब! आधी पाहू दे, कोन्या रंगाची आली ते..."

कडी निघाली. इंदुताईंनी बाहेर झुकून कुणाला तरी घट्ट पोटाशी धरलं. किती वेळ, कोण जाणे. मग त्या वळल्या. त्यांचा एक गाल हिरवा झाला होता, ओला.

"रंगाचं काय घेऊन बसले तुमी?" त्या म्हणाल्या. "पोरगी उपाशी हाये. पाट मांडा."