लग्न न झालेली मुलगी

लाजेपायी माणूस काय करील याचा नेम नाही. सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या पुंजारामने तर पोटच्या पोराला सुरतेला नोकरीला लावून टाकलं होतं, नुसतं तोंडाने. खरं म्हणजे त्याचा निवृत्ती साडी नेसून, लता हे नाव घेऊन, घर सोडून गेला होता. गेली होती म्हणायला हवं. पण पुंजारामच्या जिभेला ते कधी पेललं नाही.

एकोणनव्वदच्या थंडीत लता परत आली ती तापाने फणफणत. मुंबईकडे कुणा डॉक्टरकडून तिने बाई होण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि ते बिघडलं होतं. लघवी तुंबून पोट दगडासारखं झालेलं. खाजगी दवाखाना ह्यांच्या आवाक्यातला नव्हता. उरला कामगार विम्याचा. पण तिथे मोठ्या मुलाला उपचार मिळत नसत. लग्न न झालेल्या मुलीला मात्र मिळत, तसा नियम नुकताच निघाला होता.

"मग मुलगी म्हणून सांगा," त्याची बायको वत्सलाबाई म्हणाली. "त्यात खोटं काय हाय?"

पुंजारामने रिक्षा आणली.

दवाखान्याच्या खिडकीपाशी रांगेत नेमका केरू मागे उभा. एकाच पाळीतला माणूस, येता-जाता सुरतेच्या पोराची चौकशी करणारा. कारकुनाने विचारलं, पेशंट तुमचं कोण? पुंजाराम पुटपुटला. मेल्या कारकुनाने पुन्हा, मोठ्याने सांगायला लावलं.

"माझी मुलगी. लता. लग्न झालेलं नाही."

बाकावर बसलेल्या लताने ते ऐकलं. आत नेताना तिने बापाचा हात घट्ट धरला. "दादा, चारचौघांत म्हणालात," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. पुंजारामला वाटलं, धरणी फाटावी. पोरीला काय ठाऊक, हा नुसती नियमातून वाट काढत होता!

डॉक्टरांनी नळी घातली, जीव वाचला. दाखल करून घ्यायचं ठरलं. पडद्याबाहेर केरूने पुंजारामला गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, हा निवृत्तीच ना? केरू काही वाईट माणूस नव्हता. हो म्हटलं असतं तर कदाचित त्याने खांद्यावर हात ठेवला असता. पण इतकी वर्षं पाळलेली लाज अशी थोडीच सुटते.

"छे रे, वळखीतली पोर हाय. विम्यापुरती माझी मुलगी म्हणालो," पुंजाराम हसत म्हणाला. "नायतर कोण घेतंय आत?"

केरूही हसला. भारी डोकं चालवलं म्हणाला. पुंजारामला केवढं हलकं वाटलं. तेवढ्यात नर्सने पडदा सारला. लता टक्क जागी होती.

सोबत कोण थांबणार, हे वडील का, नर्सने तिला विचारलं.

लताने बापाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "माझा विमा यांच्या नावावर आहे, तेवढंच."

मग तुमचं इथे काम नाही, एखादं बाईमाणूस पाठवा, असं सांगून नर्स वळली. मी बाप आहे तिचा, एवढे चार शब्द पुंजारामच्या अगदी ओठावर आले. पण केरू अजून शेजारीच उभा होता. पुंजाराम खाली मान घालून वत्सलाबाईला आणायला निघाला.