पेंढ्याच्या धगीवरचा स्वर्ग

चर्चसमोर अख्खं गाव माना वर करून उभं होतं. गिरणीवाल्याच्या मेलेल्या बापाच्या नावाची कागदी पिशवी पेटत्या पेंढ्यावर फुगली, डुलली आणि सरळ आभाळात चढली. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

"सुटला बिचारा," पिशवी चढली की आत्मा स्वर्गात पोचला, असं सांगत गावात आलेले ओनोरेबाबा डोळे मिटून म्हणाले. "आता पुढचा."

पुढचा म्हणजे फ्लोरीचा बास्तियाँ, तापानं गेलेला तीन वर्षांचा पोर. पिशवी घरच्यांनीच चिकटवायची नि तिला मेलेल्याचे केस बांधायचे, असा बाबांचा नेम. गिरणीवाल्यानं तलम कागद आणला होता. फ्लोरीला मिळाला तो सामान गुंडाळायचा जाड, तपकिरी कागद. तिची पिशवी फुगली, पण जागची हलली नाही.

"पाप जड आहे," बाबा म्हणाले.

"एवढ्याशा पोराचं कसलं पाप, बाबा?"

"मग आईचं असेल. उपास कर."

फ्लोरीनं अन्न सोडलं. तान्ह्या लेकीला दूध पुरेना. हळूहळू ती रडायचीही थांबली. हे कानावर आलं तेव्हा शाळेच्या लांबेर मास्तरांचं डोकंच फिरलं. रविवारी ते फ्लोरीला हाताला धरून चौकात घेऊन आले. त्यांनी तलम कागदाच्या पिशवीला बाबांच्याच गाढवाचे केस बांधले आणि पेंढा पेटवला. पिशवी छपरांवरून निघून गेली.

"बाबा, तुमचं गाढव सुटलं," मास्तर म्हणाले. "मग हे इथं चरतंय कोण?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांना घाम फुटला.

"अरे, तापलेली हवा हलकी होते नि वर जाते. हलकी पिशवी सोबत नेते, जड पिशवी तिला झेपत नाही. आनोने गावी मी घराएवढी पिशवी ढगात जाताना पाहिली. पॅरिसला तर माणसं उडाली, आणि जेवायला घरी आली."

"मास्तर, मग माझा बास्तियाँ कुठंय?" फ्लोरीनं विचारलं.

"मला माहीत नाही, पोरी. पण तुझ्या पापानं तो अडकलेला नाही. कागद जाड होता, एवढंच."

त्या दिवशी फ्लोरी जेवली. चेस्टनटची पेज तिनं रडत रडत संपवली. बाबा गाव सोडून पळाले. पण लेकीसाठी उशीर झाला होता. आठवडाही न काढता ती गेली.

तिच्या नावानं फ्लोरीनं पिशवी चिकटवली नाही. लेकीच्या थडग्याच्या मातीजवळ बसून तिनं फक्त विचारलं, "मी जेवले असते तर?"

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. ते तिच्याशेजारी मातीत बसले.

कुणी तुमचं पाप असं तोलायला आला, तर आधी त्याची पिशवी हातात घेऊन बघा. उपासाचं मग ठरवा.