मलाझच्या मंडळीतला आशीर्वाद

रियाधमध्ये चर्चला बंदी, म्हणून आमची ख्रिस्ती मंडळी दर शुक्रवारी घरातच भरायची आणि दर शुक्रवारी कुणाचा तरी वाढदिवस असायचा. अल मलाझमधल्या अण्णासाहेबांच्या फ्लॅटमध्ये टेबलावर केक मांडलेला. दार वाजलंच तर पवित्र शास्त्र उशीच्या अभ्र्यात आणि सगळ्यांच्या तोंडी हॅपी बर्थडे. अशाने मी एका वर्षात चार वर्षांनी म्हातारी झाले. अण्णासाहेब आमच्याच हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तरुणपणी पाळक व्हायला पुण्यात शिकत होते, ते अर्ध्यावर सुटलं, पण खोड गेली नव्हती. केक कापला की चर्चचा इतिहास सांगायला बसायचे. प्रसाद सगळं मन लावून ऐकायचा, आणि तेच त्याला भोवलं.

प्रसाद एक्स-रे काढायचा, शमुवेल लॅबमध्ये होता. दोघं नगरकडचे, एका खोलीत राहायचे. बाहेर भाऊ म्हणून सांगत. मंडळीत खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं; झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रसादला कावीळ झाली तेव्हा शमुवेलने त्याला जसं सांभाळलं तसं माझ्या नवऱ्याने मला आजारपणात कधी सांभाळलं नाही. तेव्हा त्या दोघांबद्दल मला शहाणपण शिकवायला कुणी येऊ नये.

एक्याण्णवच्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं. खिडक्यांच्या काचांना टेप लागली, आणि कुवेतच्या हद्दीजवळ, खफजीच्या रस्त्यावर जो तंबूंचा दवाखाना उभारला होता तिथे पाठवायच्या माणसांत प्रसादचं नाव निघालं. नाही म्हणायची सोय नव्हती, पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात. जायच्या आधीच्या शुक्रवारी तो शमुवेलला घेऊन अण्णासाहेबांपुढे उभा राहिला.

“अण्णासाहेब, तुम्हीच सांगितलं होतंत. पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांत दोन पुरुषांना वेदीपुढे उभं करायचे, शुभवर्तमानावर हात ठेवून जोडायचे. तसा आशीर्वाद आम्हाला द्या.”

“अरे, ते भाऊ म्हणून जोडणं होतं. लग्न नव्हतं.”

“काही अभ्यासक वेगळं म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलंत.”

“म्हणतात. पण त्याच मंडळ्यांनी असल्या संबंधाला कडक शिक्षा सांगितल्या होत्या, ते विसरलास? आणि पौलानेही त्याला पापच म्हटलंय, त्याची पत्रं तर तुला पाठ आहेत.”

“पौल तर म्हणतो, लग्न न करणंच बरं. पहिली कित्येक शतकं लग्नाला पाळकसुद्धा लागत नव्हता. माझ्या पणजोबांना प्रभुभोजनाला वेगळं बसवायचे, जातीवरून. तेव्हाही म्हणत होते, चालत आलंय. बदललंच ना?”

“ते वेगळं बसवणं पाप होतं,” अण्णासाहेबांची बायको सुनेत्रा म्हणाली. “तुमचं म्हणजे...” प्रसादच्या लग्नासाठी मुलगी शोधायला तीच दोन वर्षं खपली होती.

अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. “भाऊ म्हणून देतो आशीर्वाद. कुणाला ठेच लागायची नाही.”

“भाऊ तर आम्ही कफीललाही सांगतो. इथे तरी खरं म्हणा.”

“माझ्याने होणार नाही, प्रसाद.”

“घे ना रे,” शमुवेल त्याच्या कानाशी पुटपुटला. “भाऊ तर भाऊ.”

प्रसाद कबूल झाला नाही. मला दोघांचाही राग आला, एकाच्या हट्टाचा आणि एकाच्या चष्म्याचा. तेवढ्यात सायरन वाजला. आम्ही गॅस मास्क चढवून भिंतीला टेकून बसलो आणि सायरन थांबल्यावर केक न खाताच घरी गेलो.

खफजीच्या लढाईच्या धामधुमीत प्रसादची गाडी रस्त्यावर उलटली. तो जागीच गेला. हॉस्पिटलने फोन केला तो नगरला, थोरल्या भावाला. हा सुधाकर म्हणजे ज्याने प्रसादला घराबाहेर काढलं होतं आणि पुढे त्याचं नावही टाकलं होतं. शमुवेलला कुणी कळवलं नाही. त्याला ते कँटीनमध्ये, चहाच्या रांगेत कळलं.

पुढच्या शुक्रवारी प्रसादसाठी उपासना ठेवली. आमच्याकडे अशा वेळी मृताच्या घरच्यांची एकेक करून नावं घेतात आणि त्यांच्या सांत्वनासाठी मंडळी उभी राहते. नाव घेतलं गेलं की तुमचं दुःख चारचौघांत तुमचं ठरतं. शमुवेल सगळ्यांच्या आधी आला होता. दाढी वाढलेली, अंगात प्रसादचा स्वेटर.

“सलाम, अण्णासाहेब. भाऊ म्हणा, चालेल. पण माझं नाव घ्या.”

अण्णासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हातारा नक्की नाव घेणार.

उपासना सुरू झाली. अण्णासाहेबांनी प्रसादच्या आईचं नाव घेतलं, सुधाकरचं घेतलं, वहिनीचं, पुतण्यांचं. मग ते थांबले. शमुवेल त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

“अण्णासाहेब, एक नाव राहिलं,” मी मोठ्याने म्हटलं.

सुनेत्राने माझ्या मांडीवर हात दाबला. अण्णासाहेबांनी शास्त्रावरची नजर काढली नाही.

“शोभनाबाई, भावाचं नाव झालं. भाऊ एकच होता.”

मग त्यांनी हात वर केले, आणि सुधाकरच्या सांत्वनासाठी मंडळी उभी राहिली. शमुवेलही उभा राहिला.