दाराबाहेरचं उत्तर

कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते ऑफिसच्या ओळखपत्रापुरतं. घरात ती ठकू. चाळिशीला टेकलेल्या, चष्मा लागलेल्या बाईला ठकू म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं, ते म्हणजे तिचे बाबा. आणि पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांनाही ते नाव धड म्हणता येत नव्हतं. त्याचं 'अकू' व्हायचं.

बाबा बस स्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे हे माइकवरून सांगण्यात त्यांचा जन्म गेला. आवाज असा, की बाकावर घोरणारा प्रवासी खडबडून उठावा आणि डोळे चोळत बरोबर आपल्याच गाडीत जाऊन बसावा. घरीही तोच थाट. "ठकू, तुमचं जेवण फलाट क्रमांक एकवर लागलेलं आहे." लहानपणी मैत्रिणींसमोर ठकूला याची भारी लाज वाटायची. आता तोच आवाज घशातल्या घशात अडकून बसला होता, आणि ती जुनी लाज आठवली की तिला कसंनुसं व्हायचं.

ठकूचं काम म्हणजे ऑफिसात कोणाचा संगणक रुसला की त्याची समजूत काढणं. "एकदा बंद करून परत चालू करा" हे वाक्य ती झोपेतही म्हणाली असती. तिच्याच हाताखाली शिकलेली पोरं एकेक करून नेटवर्कच्या विभागात गेली, कानामागून येऊन तिखट झाली आणि तिलाच कामं सांगू लागली. त्यांच्याकडे नेटवर्किंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र होतं आणि हिच्याकडे नुसताच अनुभव. शेवटी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "विभागात एक जागा होतेय. परीक्षा पास व्हा, जागा तुमची. पण मी ती फार दिवस राखून ठेवू शकणार नाही हं."

तिने पुस्तक आणलं, जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले, एका बाजूला प्रश्न लिहिला, दुसऱ्या बाजूला उत्तर. पण डोकं कुठलं चालायला? ऑफिसातून यायचं, दिवसभर बाबांजवळ बसणाऱ्या शेजारच्या काकूंना मोकळं करायचं, स्वयंपाक करायचा, आणि मग बाबांचा वाचनाचा अभ्यास घ्यायचा. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, की यांच्याकडून रोज मोठ्याने वाचून घ्या. वर्तमानपत्र दिलं की बाबा दोन ओळींत चिडायचे. मुलांचं गोष्टीचं पुस्तक दिलं तर त्यांनी ते सरळ पलंगाखाली सरकवलं. ज्याने गावाला दिशा दाखवली त्याने ससा आणि कासव वाचायचं म्हणजे अतीच झालं.

एका संध्याकाळी ठकूने कंटाळून आपले पुठ्ठेच त्यांच्या हातात दिले. "बाबा, हे वाचा. मी उत्तरं देते. चुकले तर सांगा."

बाबांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला, पाठ ताठ केली आणि वाचायला लागले. अडखळत, थुंकी सांभाळत, पण वाचायला लागले. कारण हा अभ्यास नव्हता, हे काम होतं. लेकीला त्यांची गरज होती, आणि कोणाला तरी आपली गरज आहे हे औषध बाईंच्या पिशवीत नव्हतं.

पुढे उलटाही डाव सुरू झाला. ठकू प्रश्न मोठ्याने म्हणायची आणि बाबा उत्तर द्यायचे. त्यांना त्यातलं फारसं कळत होतं अशातला भाग नाही, पण त्यांनी आपल्यापुरती सोय लावून घेतली होती. राउटर म्हणजे चौकशीची खिडकी. तो गाडी चालवत नाही, कुठून जायचं तेवढं सांगतो. एका प्रश्नावर मात्र त्यांचं घोडं रोज अडायचं. दोन ठिकाणांमध्ये एकापेक्षा जास्त वाटा असल्या की माहिती गोल गोल फिरत राहते आणि सगळं जाळं ठप्प होतं. ते टाळायला काय वापरतात? उत्तर होतं, स्पॅनिंग ट्री.

"पॅ... पॅनी टी," बाबा म्हणायचे.

"पॅनी टी पिऊन झालं असेल तर परत एकदा," ठकू म्हणायची, आणि दोघं हसायची. आई गेल्यापासून त्या घरात एवढं हसू झालं नव्हतं. बाईंनीही सांगितलं, की जोडाक्षर फुटलं की पुढची वाट मोकळी होईल, धीर सोडू नका. बाबा आंघोळ करताना, खिडकीत बसताना, एकटेच तो शब्द घोळवत बसायचे.

परीक्षा केंद्रावर देता आली असती. पण केंद्र परगावी, परतायला रात्र होणार, तोवर काकूंना कुठे अडकवून ठेवा, म्हणून ठकूने घरूनच द्यायचं ठरवलं. त्याचे नियम कडक. टेबल रिकामं हवं, खोलीत दुसरं माणूस नको, समोर संगणकाचा कॅमेरा चालू, आणि कुठेतरी बसलेला परीक्षक पूर्ण वेळ बघणार आणि ऐकणार. तिने बाबांना दाराबाहेर खुर्चीत बसवलं. "आता मी बाहेर येईपर्यंत आत यायचं नाही. संगणकाच्या कॅमेऱ्यातून परीक्षक बघत असतात. काकू आहेत." बाबांनी मान हलवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

पहिले प्रश्न भराभर सुटले. मग एक लांबलचक प्रश्न आला आणि ठकूचे ओठ आपोआप हलले. पडद्यावर सूचना आली, प्रश्न मोठ्याने वाचू नका. तिने जीभ दाताखाली धरली. पण इतक्या दिवसांची सवय ती, सूचनेला थोडीच भीक घालणार? थोड्या वेळाने समोर ओळखीचा प्रश्न आला, जास्तीच्या वाटांचा, गोल फिरणाऱ्या माहितीचा, आणि तो पाहून तिला इतकं हायसं वाटलं की तिने तो नेहमीसारखा खणखणीत वाचला.

दाराबाहेरून उत्तर आलं. "स्पॅनिंग ट्री, ठकू. स्पॅनिंग ट्री."

एकही अक्षर अडखळलं नव्हतं. तोच फलाटावरचा आवाज, थोडा खरखरीत झालेला. ठकू दाराकडे वळणार, तोच पडदा कोरा झाला. खोलीबाहेरून मदत मिळाल्यामुळे परीक्षा रद्द करण्यात येत आहे, असं त्यावर लिहून आलं.

तिने दार उघडलं. बाबा खुर्चीतून उठले होते. चांगल्या हाताने चौकट धरून उभे होते, आणि चेहऱ्यावर, पहिला नंबर आलेल्या पोराचं असतं तसलं हसू. काकू मागे पदराने डोळे पुसत होत्या. "ऐकलंस ना गं? तुझं नावसुद्धा घेतलं की," त्या म्हणाल्या.

ठकूने ऐकलं होतं. तरी ती म्हणाली, "गप्प बसा हो बाबा. एक दिवस तोंड बंद ठेवता येत नाही तुम्हाला? सगळी वाट लावलीत माझी."

बाबांनी तोंड मिटलं. बोलली होती ती, नियम मोडला होता तिने, आणि वड्याचं तेल निघालं वांग्यावर. हे तिला त्याच संध्याकाळी कळलं. तिने माफीही मागितली, जवळ बसून, हात धरून. बाबांनी तिच्या गालावर थोपटलं. बोलले मात्र नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

परीक्षेला पुन्हा बसता येत होतं, आणि साहेबही चांगले निघाले, त्यांनी थोडी मुदत वाढवून दिली. ठकूने पुठ्ठे पुढे केले, तर बाबा ते नीट रचून तिलाच परत देत आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. बाई आल्या, तपासून गेल्या. "जीभ छान वळतेय. मग अडतंय कुठे? घरी काही झालं का?" त्यांनी विचारलं. ठकू म्हणाली, "नाही, तसं काही नाही." हे खोटं तिला त्या ओरडण्याहून जास्त छळायचं.

या खेपेला तिने केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. मनातल्या मनात वाचायची सवय तिला एव्हाना झाली होती, कारण घरी उत्तर देणारं कोणी उरलं नव्हतं. घोडं गंगेत न्हालं, ती पास झाली. साहेबांनी नव्या जागेवर बसवलं, ज्यांना तिने शिकवलं त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्यातली एकही नीट ऐकू आली नाही.

घरी येऊन तिने बाबांच्या हातात प्रमाणपत्र दिलं. त्यांनी ते बोट फिरवत वाचलं, ओठ न हलवता. डोळे भरून आले त्यांचे. ठकू त्यांच्या पायाशी बसली आणि पुठ्ठ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, दोन ठिकाणांमध्ये जास्त वाटा असल्या, माहिती गोल गोल फिरायला लागली, तर काय वापरतात?"

बाबांचे ओठ विलग झाले. मग त्यांची नजर टेबलावरच्या संगणकाकडे गेली, कॅमेऱ्याच्या त्या काळ्या ठिपक्यावर थांबली. त्यांनी हळूच मान हलवली, एक बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं, आणि मग त्याच चांगल्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत राहिले, घाबरू नकोस, मी काही बोलत नाही, अशा अर्थाने.