डाव्या अंगाची जागा

आमच्या गावाजवळ कन्हान नदीवर पूल नव्हता, नत्थूचा डोंगा होता. उतारू येतील तसे नत्थू त्यांना नजरेनंच तोलायचा. "तू उजव्या अंगाले बस. तुम्ही डाव्या." मागून जाड माणूस येणार की हडकुळं, हे त्यालाही ठाऊक नसायचं. आलेल्याला तिथल्या तिथे जागा द्यायची आणि डोंगा कलू द्यायचा नाही. एकदा बसलेल्यानं उठायचं नाही, हा त्याचा कायदा. कोणीतरी उठलं म्हणूनच आदल्या पावसाळ्यात दोघं बुडाले होते.

सदुसष्ट सालच्या भादव्यात माहेराहून निरोप आला. बाबांना धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलंय, शामला शामला करताहेत, असशील तशी ये. मी धावतच घाटावर आले. डोंगा भरत आला होता. उजवीकडे ताराचंद शेठ आणि त्यांची गव्हाची पोती. डावीकडे माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, रुपराव. जागा उरली होती ती त्यांच्याच शेजारी.

"बस वं शामला, डाव्या अंगाले."

आमच्यात धाकट्या सुनेनं भासऱ्याच्या सावलीलाही शिवायचं नसे. मी पदर ओढून उभीच राहिले.

"काहून उभी राहून राहिली वं?"

"मधात कोणी बसू दे ना गा. बारीक माणूस आलं तं दोघंही मावू."

"आता देवाले सांगू का, बारीक पाहून धाड म्हणून?"

सगळे हसले. भासरे पाण्याकडे पाहत होते. त्यांनी नुसतं 'बस' म्हटलं असतं, तर मी बसले असते.

तेवढ्यात वाटेवर कोणी बाई दिसली. वाळक्या काडीसारखी गोपिका असू दे, असं मी मनात म्हणत होते. पण ती मीराबाई निघाली, दोघींच्या वजनाची एकटी. ती बसली आणि डोंगा सरळ झाला.

"आता तू दुसऱ्या खेपेले," म्हणत नत्थूनं बांबू रोवला.

दुसरी खेप भरता भरता दुपार कलली. मी धंतोलीला पोचले तेव्हा बाबांच्या खाटेवरची गादी गुंडाळत होते. आई एवढंच म्हणाली, "दाराकडंच पाहत होते वं."

तेरवी करून परत निघाले, तर पलीकडच्या घाटावर डोंग्यात भासरे बसलेले. नत्थूनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "डाव्या अंगाले."

मी जाऊन बसले. खांद्याला खांदा लागला.